अंगणाला कुंड्यांचा आडोसा

आषाढात पाऊस लागून राहिला की फाटे कलमं लावायला याहून चांगले दिवस नाहीत. फरशी घातलेलं अंगण, गच्ची, भाड्याचं घर, अशा खड्डा खणता न येणाऱ्या जागी कुंड्यांमधल्या झुडपांचा आडोसा आत्ताच धरावा.

आधी नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसा आणि समोरची नजर कुठून येते ते बघा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 4 फुटांवर असतात. फूटभर उंच कुंडी आणि तीन-चार फुटी झुडूप एवढ्यात काम भागतं. नजर वरच्या मजल्यावरून येत असेल तर मात्र झुडूप उपयोगाचं नाही, तिथे मांडवावर वेलच चढवावा लागतो.

नर्सरीतली मोठी रोपं घेण्याची घाई करू नका. ती महाग पडतात आणि लहान पिशवीत मुळांचा गुंडा झालेला असतो. जास्वंद, तगर, अकालीफा शेजाऱ्यांकडून फुकट मिळतात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या पेराच्या, लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि दोन डोळे पिशवीतल्या मातीत जातील अशी खोचा. तगरीचा चीक आधी पाण्यात निथळू द्या. आठ-दहा दिवसांत पालवी दिसली तरी हुरळू नका, ती फांदीतल्या साठ्यावर फुटते. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत रोप हलवायचं नाही.

कुंडीऐवजी रंगाचे 20 लिटरचे प्लास्टिकचे डबे स्वच्छ धुऊन वापरा. तळाला पाच-सहा भोकं पाडा आणि खाली विटांचे तुकडे द्या, म्हणजे पाणी तुंबत नाही. बशा पावसाळ्यात काढूनच टाका, डेंगीच्या डासांना तेवढं पाणी पुरतं. दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण चांगलं. गच्चीवर डबे कडेच्या भिंतीलगत, तुळईवर ठेवा. भिजलेल्या मातीचा एकेक डबा 30 किलोच्या आसपास भरतो.

डबे दीड फुटावर, दोन ओळींत, एकाआड एक मांडा. रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण नाही खुडला तर वर झुपका आणि खाली नुसत्या काड्या राहतात, आणि आडोसा नेमका खालूनच उघडा पडतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून पानांच्या मागून फवारा.

विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनी घराभोवती कामिनी आणि कढीपत्ता टाळावा. लिंबूवर्गीय झाडांवरची सायला कीड दोन्हींवर पोसली जाते आणि तिच्यामार्फत बागेत ग्रीनिंग हा संत्र्याचा जिवाणूजन्य रोग पसरतो.