तंबाखूचा बार सोडताना: आधी मोजा, मग सोडा

दिवसातून किती बार लावता असं विचारलं की उत्तर येतं, 'चार-पाच'. कागदावर मोजलं की आकडा वाढतोच, कारण निम्म्या वेळा हात आपोआप मळायला लागतो, डोक्याला पत्ताही नसतो. म्हणून सोडण्याआधी तीन दिवस फक्त मोजा. कमी करायचा प्रयत्नसुद्धा नको. पुडीसोबत खिशात कागद ठेवा आणि प्रत्येक वेळी वेळ नि जागा टिपा: 'सव्वासहा, संडासला जाण्याआधी', 'साडेदहा, कंपनीच्या गेटवर चहानंतर', 'जेवल्यावर'. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही असंच करावं. भाजली म्हणून मिश्री काही वेगळी होत नाही, तीही तंबाखूच.

कागद वाचलात की दोन प्रकारचे बार दिसतील. तंबाखूतलं व्यसन लावणारं द्रव्य म्हणजे निकोटिन; रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे रात्रभराच्या झोपेत बहुतेक उतरलेलं असतं. उठल्यावरचा पहिला बार शरीर मागतं. गेटवरचा, गप्पांमधला, बस येईपर्यंतचा बार मात्र हाताच्या सवयीचा. सवयीचे बार जागा बदलली की सुटतात: नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत ज्या टपरीवर घोळका जमतो तिथला चहा महिनाभर बंद, डबी-पुडी घरातून आणि गाडीच्या डिकीतूनही बाहेर. शरीराच्या बाराला नुसता निर्धार बऱ्याचदा कमी पडतो, तिथे औषधाचा आधार घ्यावा.

निकोटिनचा गम मेडिकलमध्ये मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा लागतो, त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. उशिरा लागत असेल तर २ मिलिग्रॅम पुरतो. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टर, मग गम. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन चार ते आठ तासांनी. दिवसात २४ च्या वर कधीच नाही.

सगळ्यात जास्त चूक चावण्यात होते. साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलात की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचक्या, छातीत जळजळ, आणि 'गम सोसत नाही' म्हणून परत पुडी. हळूहळू चावा, झणझणायला लागलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झणझण ओसरली की पुन्हा चावा, जागा बदला. असं अर्धा तास. सवयीने पिंक टाकू नका, औषध थुंकीबरोबर वाया जातं.

तंबाखूत चुना का मळतात, याचं उत्तर इथे उपयोगी पडतं. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. आंबट वस्तू बरोबर उलटं करते. त्यामुळे गमच्या १५ मिनिटं आधीपासून आणि गम तोंडात असताना चहा, ताक, लिंबू पिळलेली मिसळ, हंगामात द्राक्षंसुद्धा नकोत. रविवारी मिसळ खाल्ल्या खाल्ल्या गम टाकला नि 'काही फरकच पडत नाही' असं वाटलं, तर दोष गमचा नाही.

तारीख ठरवताना एवढं बघा, की दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड जातो. कामावर बार लावणाऱ्याने ते दिवस सुटीत येतील असं धरावं. घरी रिकामपणी लावणाऱ्याने उलट, कामाच्या दिवसांत. रात्रपाळीच्या आठवड्यात सुरुवात नकोच. चिडचिड, झोपमोड, भूक वाढणं यांचा जोर दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. पोट साफ न होणं हे बहुतेकांना परत तंबाखूकडे ओढतं. आधीच तयारी ठेवा: उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, लागलंच तर इसबगोल. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, एक लवंग किंवा चिमूटभर बडीशेप दाढेखाली धरा, जिना चढून या.

तंबाखू सोडली म्हणून सुपारी किंवा 'तंबाखूविरहित' पानमसाला धरू नका. सुपारीचंही व्यसन लागतं, आणि तिनेच तोंड आखडतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते, एवढंच.

आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम असेल, तर जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा नाशिकच्या पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात तोंड दाखवा. फोनवर सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत.

मध्येच एखादा बार लागला तर पुडी तिथेच टाका, वेळ नि जागा त्याच कागदावर लिहा आणि गम चालू ठेवा. सोडल्यापासूनच्या दिवसांची मोजणी पुन्हा शून्यावर नेऊ नका. आणि रोज दारूही घेत असाल तर ती मात्र अशी एका दिवसात तोडू नका. तंबाखू झटक्यात सोडल्याने जिवाला धोका नसतो, पण रोजची दारू अचानक थांबली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.