बोटीचं जुनं इंजिन: दुरुस्ती की नवीन?

बोटीचं डिझेल इंजिन गार असताना लवकर स्टार्ट होईना, झालंच तर पांढरा धूर. 'बदलून टाका' हा सल्ला फुकट मिळतो. पण नवीन इंजिन बसवायचं म्हणजे माउंटिंग, शाफ्टची अलाइनमेंट, एक्झॉस्ट, कधी प्रोपेलरसुद्धा बदलावा लागतो.

म्हणून आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासलं. दोन सिलिंडर ठीक, तिसरा बराच खाली. त्यात थेंबभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावला (डिझेलमध्ये जास्त ओतू नका, हायड्रोलॉक होऊन, म्हणजे न दबणारं ऑइल पिस्टनला अडवून, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो). आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून तो वर चढला असता. म्हणजे संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधलं सील). डिपस्टिकवर ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं, हा मोठाच दिलासा.

हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड नखाएवढी जळून गेलेली, लायनर (सिलिंडरची आतली भिंत) मात्र गुळगुळीत. व्हॉल्व्ह नवा टाकला, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) ग्राइंड करून घेतली, गॅस्केट बदललं. खाऱ्या पाण्याने वॉटर जॅकेट (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी) खाल्लं असतं किंवा ब्लॉकला तडा असता, तर मी दुरुस्तीच्या नादी लागलोच नसतो.

आता पहिल्या सेल्फला उठतं. फुल थ्रॉटलला थोडा काळा धूर आहे. इंजिनवर जादा भार येत असावा; प्रोपेलरवर शेवाळ-शिंपले साचलेत का, ते बघायचंय.