स्तनदा मातेने करोना लस घेताना

जानेवारी २०२१ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा स्तनदा मातांना लसीकरणातून वगळले होते, कारण लसींच्या चाचण्यांत त्यांचा समावेश नव्हता. १९ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यांना लस देण्याची शिफारस स्वीकारली, तरी घरोघरी उरलेली धास्ती बहुधा त्या पहिल्या महिन्यांचीच आहे.

कोविशील्डमधील वाहक विषाणू, म्हणजे लसीचा संदेश पेशींपर्यंत नेणारा विषाणू, शरीरात वाढू शकत नाही आणि कोव्हॅक्सिनमधील विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे लसीमुळे दुधावाटे बाळाला करोना होत नाही. उलट, लसीनंतर आईच्या दुधात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, आढळली आहेत. मात्र तेवढ्यावर विसंबून बाळाच्या नेहमीच्या लसी चुकवू नयेत.

लसीच्या दिवशी जेवून आणि बाळाला पाजून निघावे. बाळाला ज्या हातावर अधिक घेतले जाते, त्याच्या विरुद्ध दंडावर लस मागावी, कारण दुखरा दंड हीच बहुतेकींची खरी अडचण ठरते. अंगात ताप असल्यास लस पुढे ढकलावी आणि पूर्वी एखाद्या लसीची किंवा औषधाची तीव्र अॅलर्जी आली असल्यास ते टोचण्यापूर्वी सांगावे. लस टोचल्यानंतर केंद्रावर अर्धा तास थांबावे.

घरी आल्यावर लगेच पाजण्यास हरकत नाही. दूध काढून फेकण्याचा सल्ला कोणी वडीलधाऱ्यांनी प्रेमाने दिला, तरी तो मानू नये. ताप किंवा अंगदुखी झाल्यास योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते, कुशीवर झोपून पाजता येते. तीव्र डोकेदुखी, धाप किंवा पायाला सूज आल्यास मात्र डॉक्टरांकडे तातडीने जावे.