तापाचं औषध मोजताना चमचा नको, वजन पाहा

पोराला रात्री ताप भरला की घरात दिसेल ती बाटली उचलली जाते. आधी लेबल वाचा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिग्रॅ असतं, तसंच २५० मिग्रॅचंही असतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुतेकदा १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं. डोस वजनावर ठरतो, किलोला साधारण १५ मिग्रॅ. म्हणजे १० किलोच्या बाळाला पहिलं सिरप ६ मिली, दुसरं ३ मिली, थेंब दीड मिली. थेंबांचं औषध सिरप समजून ५ मिली पाजलं, तर तिपटीहून जास्त जातं! स्वयंपाकघरातला चमचा नकोच. सिरिंज किंवा बाटलीसोबतचं माप घ्या, बाटली नीट हलवा.

दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसरात्रीत चारच डोस. आजीनं पाजलं की आईनं, हा घोळ टाळायला वेळ कॅलेंडरवर लिहा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, तेही तपासा.

अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नका. नायमेसुलाइड हे तापाचं दुसरं औषध १२ वर्षांखालच्यांना भारतात २०११ पासून बंद आहे. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन हे ताप-दुखीचं औषधही नको.

आपल्या भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात उन्हातून आलेलं पोर तापलं, गुंगीत गेलं, तर तो उष्माघात असू शकतो. त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर घरी डोस न देता थेट डॉक्टरकडे.