पाण्याखालचं गवत नहराचं पाणी किती अडवतं, हे संत्र्याने मोजा

नागपूरकडच्या पेंच प्रकल्पाच्या नहराचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नसेल, तर फक्त गाळाला दोष देऊ नका. तळात वाढलेलं हायड्रिला हे पाण्याखालचं गवतही बघा.

चारीचा (नहराच्या छोट्या फाट्याचा) २० मीटर सरळ तुकडा निवडून दोन्ही टोकांना आडवे दोर बांधा. न सोललेलं संत्रं घ्या. ते बहुतेक पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही आणि लांबूनही दिसतं. वरच्या दोराच्या थोडं आधी, मधोमध सोडा. निदान तीनदा वेळ घेऊन सरासरी काढा. २० मीटरला ५० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर.

स्वच्छ चारीत त्याला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग मिळतो. गवत असलेल्या चारीत इथेच फसगत होते: गवताच्या शेंड्यांवरून पाणी पळतं, आत जवळजवळ थांबतं. ०.८५ धरलं तर हिशेब फुगतो. म्हणून हेच माप गवत काढल्यावर, तेवढंच पाणी सुटलेलं असताना पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळा खोलीही नोंदवा. गवताने पाणी मंदावलं की वरच्या बाजूची पातळी चढते, प्रसंगी काठ फुटतो. चारीच्या खरबरीतपणाचा मॅनिंग गुणांक (तो जितका जास्त, तितका पाण्याला अडथळा जास्त) ०.०२५ वरून ०.०५ झाला, तर तेवढ्याच खोलीला वेग निम्मा होतो.

गवत काढताना आधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी लावा. हायड्रिलाचा तुटका तुकडाही रुजतो. त्याचे कंद गाळात राहतात, त्यामुळे नुसती कापणी पुरत नाही. पाणी बंद असताना गाळासकट उपसा आणि काठापासून लांब टाका.