कोंबडी रवणीला बसवायची आणि अंड्यातनं पिल्लू निघताना बघायचं

पोरांनो, पुस्तकात अंडं, पिल्लू, कोंबडी असं गोल चित्र असतंय, पण खरी गंमत चित्रातल्या दोन बाणांच्या मध्ये घडते आणि ती बघायला एक खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून ती उबवायला तयार झालेली, कोंबडी पाहिजे. करवीर, पन्हाळा, राधानगरी, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गावाकडं कुणीतरी गावरान कोंबड्या पाळत असतंयच, आजीला नाहीतर मामाला आत्ताच सांगून ठेवा. अंडी द्यायची थांबली, जागेवरनं उठंना, जवळ गेलं की पिसं फुलवून टोच मारायला बघते, म्हणजे ती खुडूक झाली.

दिवाळीच्या सुट्टीत रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेलं बरं, पावसाळ्यात आपल्याकडं ओल फार आणि उन्हाळ्यात अंडी लवकर खराब होतात.

दुकानातली पोल्ट्रीची अंडी घेऊ नका, तिथं कोंबड्यांबरोबर कोंबडा नसतो त्यामुळं त्यातनं पिल्लू होतच नाही. कोंबडा असलेल्या घरातली, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी घ्या आणि धुऊ अजिबात नका, कवचावर एक पातळ थर असतो तो गेला की बारीक छिद्रांतनं जंतू आत शिरतात. बुट्टीत वाळलेलं गवत घाला, अंडी ठेवा आणि कोंबडीला रात्रीच्या अंधारात बसवा, तेव्हा ती शांत असते. दाणापाणी जवळच ठेवा, ती दिवसातनं एखाद्या वेळेला खायला उठते, तेवढ्यानं अंडी गार पडतील म्हणून घाबरू नका. कॅलेंडरवर खूण करा, तिथनं 21 दिवस.

सातव्या दिवशी मोठ्या माणसाला सोबत घेऊन अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरा, रुंद बाजू टॉर्चकडं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की आत पिल्लू वाढतंय, त्याचं काळीज तर तिसऱ्या दिवसापर्यंतच धडधडायला लागलेलं असतं, मला तर हे कितीही वेळा बघितलं तरी भारीच वाटतं! काहीच दिसलं नाही तर ते अंडं बाजूला काढा, नाहीतर कुजून फुटेल.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात नाही. पिल्लू आतनंच चिवचिव करतं आणि कोंबडी त्याला क्लक क्लक करून उत्तर देते, कान देऊन ऐका. चोचीच्या टोकावर एक बारीक टणक दात असतो, त्यानं ते कवच फोडतं, आणि याला अर्धा दिवस किंवा त्याहून जास्तही लागतो. मदत करावीशी वाटणार, पण कवच सोलू नका, आतल्या शिरा अजून चालू असतात, रक्त येऊन पिल्लू मरू शकतं.

बाहेर आलेलं पिल्लू ओलं आणि दमलेलं असतं. पोटात बलक ओढून घेतलेला असतो त्यामुळं पहिला दिवसभर खाल्लं नाही तरी चालतं. उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवा म्हणजे बुडणार नाही, मग तांदळाची कणी, मक्याचा बारीक भरडा. घार, मांजर, मुंगूस टपलेलेच असतात, डालग्याखाली झाका. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यातच द्यावी लागते, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात विचारा. आणि पिल्लांना हात लावला की साबणानं हात धुवायचेच.

पुढचं भराभर होतं, पहिल्याच आठवड्यात पंखावर पिसं फुटायला लागतात, दोन महिन्यांच्या आसपास आईच त्यांना टोचून लांब करते, मग तुरे लाल व्हायला लागतात, नर आरवायला शिकतात आणि साधारण सहा-सात महिन्यांनी तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंडी घालायला लागतात. एक अंडं तयार व्हायला जवळजवळ 25 तास लागतात, त्यातले 20 तास तर नुसतं कवच बनण्यात जातात, म्हणून खाण्यात शिंपल्याचा चुरा घाला. पहिली अंडी बारकी असतात, ती रवणीला ठेवू नका, महिनाभर थांबून मोठी यायला लागली की मग ठेवा.