लाइव्ह व्ह्यूमध्ये छान दिसलेला फोटो बिघडतो कुठे? या चुका टाळा

डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आतला आरसा वर जातो, शटर उघडं राहतं आणि लेन्समधून येणारा प्रकाश थेट सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, पडतो. तेच दृश्य मागच्या स्क्रीनवर दिसतं. ते पाहून आपण धरून चालतो, की फोटोही अगदी असाच येणार. बहुतेक चुकांचं मूळ या समजात आहे.

सगळ्यात जास्त तक्रार असते फोकसची. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) झटकन फोकस करणारा कॅमेरा लाइव्ह व्ह्यूमध्ये चाचपडतो आणि लेन्स बिघडली की काय, अशी शंका येते. लेन्स ठीक असते. व्ह्यूफाइंडरसाठीचा ऑटोफोकस सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी असतो आणि त्याला प्रकाश आरशामार्फतच मिळतो. आरसा वर गेला की तो आंधळा होतो. मग बरेच डीएसएलआर मुख्य सेन्सरवरच्या चित्रातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, मोजतात आणि तो सर्वांत जास्त कुठे भरतो हे लेन्स पुढे-मागे करून शोधतात. त्याला वेळ लागतोच. कॅननने २०१३ साली ७०डी या मॉडेलमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शनची (लेन्स कुठल्या दिशेला किती हलवायची हे थेट मोजण्याची) सोय दिली, तेव्हा हा फरक बराच कमी झाला. तुमचा कॅमेरा कॉन्ट्रास्टवर चालणारा असेल तर फोकसची चौकट कोऱ्या भिंतीवर किंवा सपाट रंगाच्या कपड्यावर ठेवू नका. कडा, अक्षरं, पापण्या असं काहीतरी ठळक शोधा. धावणारं मूल किंवा उडणारा पक्षी टिपायचा असेल तर सरळ व्ह्यूफाइंडरला डोळा लावा.

स्थिर विषयासाठी मात्र लाइव्ह व्ह्यूसारखी दुसरी सोय नाही. फूल, दागिना, तारे यांसाठी ट्रायपॉड लावा, लेन्स मॅन्युअलवर घ्या, चित्र ५ किंवा १० पट मोठं करा आणि मग रिंग फिरवा. मोठं न करता ‘दिसतंय की स्पष्ट’ म्हणून पुढे जाणं ही फार महागात पडणारी चूक आहे. छोट्या स्क्रीनवर जवळपास सगळंच स्पष्ट दिसतं. फोकस केल्यावर झूमची रिंग हलवली असेल तर पुन्हा तपासा. बऱ्याच झूम लेन्समध्ये फोकस सरकतो.

आता मागची पुसट पार्श्वभूमी. अनेक कॅमेरे शटर दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडी ठेवतात. तुम्ही एफ ११, म्हणजे लेन्सचं बारीक छिद्र, लावलेलं असतं, पण स्क्रीनवर दिसत असते मोठ्या छिद्राची, एफ २.८ची पुसट पार्श्वभूमी. फोटोत मागची तार आणि खांब नको तितके ठसठशीत उमटतात. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (किती भाग स्पष्ट येईल हे आधी दाखवणारं) बटण असेल तर ते दाबून पाहा, नसेल तर एक चाचणी फोटो घ्या. निकॉनच्या काही मॉडेलांत उलटी अडचण असते : लाइव्ह व्ह्यू चालू असताना अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) बदललं तरी स्क्रीनवर फरक दिसत नाही. एकदा बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

उजेडाबाबतीत मी स्वतः पोळलो आहे. मिट्ट अंधारात घेतलेली ताऱ्यांची एक अख्खी मालिका स्क्रीनवर झगझगीत दिसत होती. संगणकावर पाहिली तर ती काळवंडलेली निघाली. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना साधी स्क्रीनही प्रखर भासते. तेव्हापासून मी हिस्टोग्रामवरच, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावरच, विश्वास ठेवतो. स्टुडिओ फ्लॅश वापरताना स्क्रीन काळी पडली, तर एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) बंद करा. फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याला आधी कळत नाही, म्हणून तो फक्त खोलीतल्या मंद प्रकाशाचं चित्र दाखवत असतो.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली स्क्रीनवर पट्टे सरकताना दिसले तर मेनूत फ्लिकर रिडक्शन शोधा आणि तुमच्याकडच्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ निवडा.

स्क्रीन पाहताना कॅमेरा हात लांब करून धरू नका, तो हलतो. कोपरं अंगाला टेकवा.

एक गोष्ट मात्र मनावर घेऊन पाळा. लाइव्ह व्ह्यू चालू असताना लेन्स सूर्यावर रोखू नका, टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी लेन्स) तर नाहीच. शटर सतत उघडं असतं आणि भिंगातून एकवटलेलं ऊन सेन्सर व शटरचे पडदे जाळू शकतं. सूर्यग्रहण टिपायचं असेल तर लेन्सच्या पुढे सौर फिल्टर हवाच. तो काढून व्ह्यूफाइंडरमधून पाहिलंत तर डोळाही जाईल.

बॅटरीचा हिशेबही वेगळा ठेवा. ७०डीसाठी कॅननने दिलेला अंदाज व्ह्यूफाइंडरवर सुमारे ९२० फोटोंचा आहे आणि लाइव्ह व्ह्यूवर सुमारे २१०. दिवसभराचं काम असेल तर जादा बॅटरी जवळ हवी. सेन्सर सतत चालू राहिल्याने तापतो, आणि तापलेल्या सेन्सरवर नॉइज (दाणेदारपणा) व रंगीत ठिपके वाढतात. स्क्रीनवर तापमानाचं चिन्ह आलं की थांबा. रचना आणि फोकस झाला की लाइव्ह व्ह्यू बंद करायची सवय लावा, आणि लांब एक्स्पोजर घेण्याआधी कॅमेऱ्याला काही मिनिटं निवू द्या.